पुढच्या टोल्यापर्यंत पोचणारे बोलणे

श्रोत्यांसमोर केलेली मांडणी जमली की नाही, याचा निकाल सभा संपल्यावर लागतो. आभार मानून होतात, चहा होतो, माणसे घरी जातात. घरी राहिलेले कोणीतरी विचारते, "काय सांगितलं तिथं?" त्यावर सभेला गेलेल्या माणसाच्या तोंडून जे निघते, तेवढीच त्या मांडणीची कमाई. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत ही कसोटी फार कडक आहे. 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ 14,412 चौरस किलोमीटर असून त्याचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग जंगलाखाली आहे. गावे लहान, एकेका गावाचे दोन-तीन टोले म्हणजे वस्त्या, मध्ये नाला नाहीतर रान. सभेला घरातले एखादेच माणूस येते आणि बाकीच्यांना विषय कळतो तो त्याच्याकडून. त्यामुळे इथे वक्त्याने बोलायचे ते ऐकणाऱ्याला पुढच्या टोल्यावर जाऊन पुन्हा सांगता येईल असे. मांडणीची बाकी सगळी कलाकुसर या एका गरजेच्या पोटात येते.

समोर कोण बसले आहे

तयारी विषयापासून सुरू होते असे बहुतेकांना वाटते. ती श्रोत्यांपासून सुरू व्हायला हवी, आणि या दोन जिल्ह्यांत तर पहिला प्रश्न भाषेचाच येतो. ब्रह्मपुरी, नागभीड, वडसा, आरमोरी या धानाच्या पट्ट्यात घरोघरी झाडीबोली आहे. धानोरा, एटापल्ली, भामरागडकडे गोंडी आणि माडिया, सिरोंच्याला तेलुगू, कोरचीच्या बाजूला छत्तीसगढी, चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांतल्या निर्वासितांच्या वसाहतींत बंगाली. सकाळी एका गावात रंगलेले भाषण संध्याकाळी दुसऱ्या गावात जसेच्या तसे चालेल, याची खात्री देता येत नाही.

झाडीबोलीत 'ण'चा 'न' होतो; पाणी 'पानी' होते, कोण 'कोन' होतो. बाहेरून आलेला वक्ता कधी कधी जवळीक दाखवण्यासाठी ही बोली उसनी घेतो. गावकरी हसतात, पण ते हसू आपलेपणाचे नसते. ज्याची ती बोली आहे त्याने ती बिनधास्त बोलावी. ज्याची नाही त्याने साधी, लहान वाक्यांची मराठी बोलावी. ती सगळ्यांना कळते. खरी अडचण बोलीने होत नाही, कचेरीतल्या मराठीने होते. 'सदर योजनेअंतर्गत पात्र लाभार्थ्यांनी विहित नमुन्यात अर्ज सादर करावेत' हे वाक्य घरी जाऊन कोणालाही सांगता येत नाही. 'ज्यांच्या नावावर शेत आहे त्यांनी हा कागद भरून शुक्रवारच्या आत ग्रामसेवकाकडे द्यायचा' हे सांगता येते. दोन्ही वाक्यांत माहिती तीच आहे, पण पहिले कागदावरच राहते आणि दुसरे टोल्यापर्यंत चालत जाते.

दुभाष्यामार्फत बोलायचे असेल तर त्याच्याबरोबर आधी अर्धा तास बसणे हा तयारीचा भाग आहे. कोणता शब्द गोंडीत आहे, कोणता नाही, कोणत्या शब्दाचा अर्थ तिथे वेगळा होतो, हे तेव्हाच कळते. बोलताना एक विचार पुरा करून थांबायचे. पाच वाक्ये एका दमात बोलली तर दुभाष्या त्यातली दोन सांगतो आणि कोणती दोन, हे तोच ठरवतो. नजर मात्र लोकांकडे ठेवावी. दुभाष्याकडे पाहून बोलणारा वक्ता समोरच्या पन्नास माणसांकडे पाठ फिरवून बसल्यासारखाच असतो. 23 डिसेंबर 1973 रोजी भामरागड तालुक्यात हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया शिकून घेतली. दुखते कुठे आणि कसे, हेच कळत नसेल तर उपचार पुढे जात नाहीत. एखाद्या दिवसासाठी येणाऱ्या वक्त्याला भाषा शिकणे शक्य नसते. पण नमस्कार, आभार आणि विषयाचा मुख्य शब्द, एवढे तरी त्या भाषेत नीट उच्चारता यावे.

दुसरा प्रश्न वेळेचा. जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी चालू असते. तेव्हा बायका दिवसभर बांधीत वाकलेल्या असतात आणि संध्याकाळच्या सभेत त्यांचे डोळे मिटतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायला पहाटेच घर सोडावे लागते, मे महिन्यात तेंदूपाने. पुढे कापणी, मग मळणी. हे वेळापत्रक न पाहता सभा ठेवली आणि माणसे आली नाहीत, तर 'लोकांना आस्था नाही' असा शेरा मारला जातो. तो शेरा अन्यायाचा आहे. उलट, वेळ नीट साधली तर साध्या बोलण्यालाही धार येते. जंगलात एकट्याने जाऊ नका, खाली वाकून काम करताना कोणीतरी उभे राहून पाळत ठेवा, ही सूचना वाघांच्या भागात पावसाळ्यात दिली तर ती एक सूचना असते. मोह गळायला लागण्याच्या आठवड्यात दिली तर ती दुसऱ्या दिवशीच्या पहाटेची गोष्ट असते.

श्रोता कोण हे कळण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे त्यालाच विचारणे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने रुग्णालय उभारण्यापूर्वी आदिवासींना विचारले, की दवाखाना कसा हवा. मोठ्या इमारतीची, पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांची भीती वाटते. रुग्णाबरोबर नातेवाइकांना राहता यावे. अशी उत्तरे आली. शोधग्राम या संस्थेच्या आवारातले रुग्णालय त्यामुळे झोपड्यांच्या वस्तीसारखे झाले आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले. भाषणाची गोष्ट इतकी मोठी नसते, पण रीत तीच. सभेच्या आधी गावातल्या दोन-तीन जणांशी, त्यातही एका बाईशी आणि एका तरुणाशी, ओट्यावर बसून पंधरा मिनिटे बोलले तरी भाषणाचा निम्मा आराखडा बदलतो.

किती सांगायचे

एका सभेतून एकच गोष्ट घरी जाते. दोन जाऊ शकतात, पण वाटेत एक सांडते. म्हणून तयारीच्या वेळी वक्त्याने स्वतःशी एक वाक्य पक्के करावे: 'यांनी घरी जाऊन हे सांगावे.' ते एका दमात म्हणता येत नसेल तर विषय अजून कच्चा आहे. या वाक्याला आधार देणारे सगळे ठेवायचे आणि बाकी कितीही मोलाचे असले तरी दुसऱ्या सभेसाठी राखून ठेवायचे. अभ्यासू माणसाला हे फार जड जाते. वर्षभर गोळा केलेली माहिती सांगू नये असे कोणाला वाटेल? पण माहिती देणे हे काम कागद चांगले करतो. माणूस उभा राहून बोलतो ते तिचा अर्थ लावून देण्यासाठी.

मराठी मुलखात याचा नमुना पूर्वापार आहे. नारदीय कीर्तनाच्या पूर्वरंगात कीर्तनकार एक अभंग घेतो आणि त्याचेच निरूपण करतो. उत्तररंगात तोच विचार एखाद्या आख्यानातून दाखवतो. एक विचार, दोनदा, दोन तऱ्हांनी. विदर्भाचेच गाडगे महाराज याच्याही पुढे गेले. ते कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढत. स्वतः दिलेले उत्तर माणूस सहसा विसरत नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी हेही तेच साधत असे. भजनाच्या ठेक्यावर विचार जमावाच्या तोंडी बसे आणि न शिकलेला माणूसही तो गावी घेऊन जाई. 16 ऑगस्ट 1942 रोजी चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूरमध्ये उठाव झाला, त्याला चेतवण्यात तुकडोजींच्या भजनांचा वाटा होता. त्या वर्षी इंग्रज सरकारने त्यांना तुरुंगात टाकले. चालीवर बसलेला विचार किती दूर जातो, हे सरकारलाही कळले होते.

आकड्यांचे थोडे विस्ताराने पाहायला हवे, कारण चांगल्या मांडण्या सर्वांत जास्त तिथेच अडखळतात. आकडा खरा असतो, पण तो ऐकणाऱ्याच्या घरात शिरत नाही. 1980च्या दशकाच्या अखेरीस गडचिरोलीत 'सर्च'ने पाहणी केली, तेव्हा अर्भकमृत्यूचा दर हजारी 121 निघाला. अधिकाऱ्यांच्या बैठकीत एवढे पुरे आहे. गावात मात्र हजार बाळे कोणी एकत्र पाहिलेली नसतात. 'दर आठ पाळण्यांमागे एक पाळणा वर्षाच्या आत रिकामा होतो' असे म्हटले, की ऐकणारी बाई आपल्या आळीतले पाळणे मोजू लागते. आकडा जवळपास तोच आहे. फक्त तो मोजणीच्या वहीतून आळीत आला. हेक्टरचे एकर करावेत, क्विंटलची जमल्यास खंडी करावी, अंतर 'वडशाहून आरमोरीएवढे' असे सांगावे. 2001 साली महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंवर जो अहवाल निघाला, त्याला 'कोवळी पानगळ' हे नाव दिले गेले. जंगलात राहणाऱ्याला पानगळ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही, आणि कोवळे पान गळणे हे ऋतूच्या विरुद्ध आहे हेही सांगावे लागत नाही. दोन शब्दांत विषय, त्याचे दुःख आणि ते अटळ नाही हा दावा, तिन्ही आले. अहवाल वाचलेले, न वाचलेले सगळे तो विषय आजही त्याच नावाने ओळखतात.

वेळेचा हिशेब कागदावरचा आणि मंडपातला वेगळा असतो. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक आणि पाहुण्यांची मनोगते आटोपेपर्यंत मुख्य वक्त्याच्या तीस मिनिटांची बारा झालेली असतात. त्यावर नाराज होऊन भराभर वाचत सुटणे हा सर्वांत वाईट उपाय. एकच मांडणी तीस मिनिटांची, दहा मिनिटांची आणि तीन मिनिटांची अशी तीन मापांत तयार ठेवावी. तीन मिनिटांची आधी करावी. ती जमली की मोठ्या दोन आपोआप सरळ होतात.

रात्रभर बसणारा प्रेक्षक

आवाज, थांबणे, नजर आणि सभेची नाडी या गोष्टी शिकायच्या असतील तर दिवाळीनंतर झाडीपट्टीत एक नाटक पाहावे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानपट्ट्यात दिवाळी ते होळी नाटकांचा हंगाम असतो. गावात दिवसा मंडई म्हणजे जत्रा, किंवा शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, घराघरांत पाहुणे, आणि रात्री नाटक. वडसा म्हणजे देसाईगंज हे या धंद्याचे ठाणे. नाट्यमंडळांची कार्यालये तिथे एका ओळीत दिसतात आणि गावोगावची मंडळे तिथे येऊन नाटक ठरवून जातात. दंडार आणि खडी गंमत या जुन्या लोककलांच्या खांद्यावर ही रंगभूमी उभी राहिली. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे या रंगभूमीवर पाच हजारांहून अधिक प्रयोग करून मोठे झाले आणि 2023 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

प्रयोग रात्री दहाच्या पुढे उभा राहतो आणि उजाडेपर्यंत चालतो. जानेवारीची थंडी, खाली अंथरलेली तणस, अंगावर घोंगडी, मांडीवर झोपलेले पोर. रात्री दोनच्या सुमारास एक विनोदी पात्र येते. पेटी थांबते. नट लगेच बोलत नाही. तो दोन पावले पुढे येऊन सबंध मंडपावरून डावीकडून उजवीकडे नजर फिरवतो. तेवढ्यात मागच्या रांगेतली कुजबुज आपसूक बंद होते. मग तो वाक्य टाकतो. हसू पुढच्या रांगेत फुटते, मागे सरकते, कनातीपाशी उभ्या असलेल्या पोरांपर्यंत जाते. तोवर नट हलत नाही. शेवटच्या रांगेतले हसू उतरू लागले की पुढचे वाक्य येते. ते आधीच टाकले असते तर हसण्यात बुडाले असते आणि उशिरा टाकले असते तर पडले असते. व्याख्यान देणाऱ्याने हे मोजून घ्यावे. महत्त्वाच्या वाक्यानंतर थांबायचे ते स्वतःला श्वास घ्यायला नाही. ते वाक्य शेवटच्या माणसापर्यंत पोचायला वेळ लागतो म्हणून.

याच रंगभूमीकडून टिपणांची एक युक्ती घेता येते. नाटके बरीच आणि तालमी थोड्या, म्हणून आडोशाला प्रॉम्प्टर बसलेला असतो. तो सबंध वाक्य पुरवत नाही. पहिला शब्द टाकतो आणि बाकीचे नटाच्या तोंडी येते. वक्त्याच्या हातातला कागद असाच असावा. पोस्टकार्डाएवढ्या तुकड्यावर प्रत्येक मुद्द्याचा पहिला शब्द, मोठ्या अक्षरात. आकडा आणि नाव तेवढे पूर्ण लिहावे, कारण ते चुकू नयेत. अख्खे भाषण लिहून आणले की डोळे कागदाला चिकटतात आणि समोरची माणसे एकमेकांशी बोलू लागतात.

माईकचे तंत्र साधे आहे. तोंडापासून चार बोटे अंतर, मान वळवली तर माईकही वळला पाहिजे, आणि बोलण्यापूर्वी एकदा स्वतः मंडपाच्या टोकाला जाऊन दुसऱ्याचा आवाज ऐकून यायचा. भोंगा असेल तर वेग निम्मा करावा. भोंग्यातून शब्दांची शेपटे एकमेकांत अडकतात. वीज गेली तर ओरडू नये. लोकांना पुढे सरकायला सांगावे. सरकलेली सभा बऱ्याचदा आधीपेक्षा चांगली ऐकते.

देहबोलीविषयी एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. संवादात शब्दांचा वाटा फक्त 7 टक्के, आवाजाचा 38 आणि चेहऱ्याचा 55, असे प्रशिक्षण शिबिरांतून सर्रास सांगितले जाते. हे आकडे मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967 मधल्या प्रयोगांतून आले. एकटा शब्द आणि तो उच्चारणाऱ्याचा सूर किंवा चेहरा यांचा मेळ बसत नसेल, तर त्याची भावना लोक कशावरून ओळखतात, एवढाच तो प्रश्न होता. तापात बाळाला काय द्यायचे हे सांगताना शब्द शंभर टक्के लागतात. भरताच्या नाट्यशास्त्रात आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत. शरीर, शब्द, पेहराव आणि आतला भाव हे चारही एकाच दिशेने जावेत, इतपत समज वक्त्याला पुरेशी आहे.

हातात देण्याची वस्तू

चित्र, तक्ता, स्लाइड, वस्तू यांचा उपयोग बोलणाऱ्याची आठवण राखण्यासाठी सर्रास केला जातो. पडद्यावर परिच्छेद लिहिलेला असतो आणि वक्ता तो वाचून दाखवतो. माणूस एकाच वेळी एक वाक्य वाचत आणि दुसऱ्याच्या तोंडून तेच ऐकत असला की दोन्ही अर्धवट होतात. शिक्षण-मानसशास्त्रात रिचर्ड मेयर यांनी हे प्रयोगांनी दाखवले आहे. पडद्यावर चित्र असावे आणि शब्द तोंडात. गावाच्या सभेत तर प्रोजेक्टरपेक्षा वस्तू बरी, कारण ती हातोहात फिरते.

अशा वस्तूचा फार सुंदर नमुना गडचिरोलीतच तयार झाला. लहान बाळाला न्यूमोनिया झाला आहे की नाही हे श्वासांच्या गतीवरून ओळखता येते. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त झाले तर धोका. पण गावातल्या दाईला साठपर्यंत मोजता येत नव्हते आणि घड्याळही नव्हते. 'सर्च'ने तिच्यासाठी श्वासमापक केला: एक मिनिटाची वाळूची घटिका आणि तारेत ओवलेले मणी. घटिका उलटी करायची, बाळाच्या पोटावर नजर ठेवायची, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. लहान बाळाच्या ओळीत पाच हिरवे मणी आणि सहावा लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. मोजणी दहाच्या पुढे जात नाही आणि निदान रंगात दिसते. या वस्तूत भाषणही दडलेले आहे. दाईला श्वसनसंस्थेची आकृती दाखवून तासभर शिकवता आले असते. त्याऐवजी तिला काय येते हे आधी पाहिले गेले आणि तिथून पुढचे एकच पाऊल तिच्या हातात दिले.

याच संस्थेने आरोग्यदूत म्हणून गावातल्याच बायका तयार केल्या आणि घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग 39 गावांत केला. 1993-95 मध्ये दर हजारी 62 असलेला नवजात मृत्युदर 1997-98 पर्यंत सुमारे 25 वर आला. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने 1999 साली तो अभ्यास छापला. पुढे देशभरातल्या आशा कार्यकर्त्यांच्या कामात ही पद्धत आली. आशा बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. तिचे श्रोते मोजून तीन: बाळंतीण, सासू आणि डोकावून पाहणारी शेजारीण. अनुभवी आशा तिघींतली निर्णय घेणारी कोण हे आधी ओळखते. बाळाला लगेच आंघोळ घालू नका हे ती सासूला सांगते, सुनेला नाही. आणि सांगते तेही "आत्याबाई, तुमचा हात लावा बरं बाळाच्या तळपायाला" असे म्हणून. तळपाय गार लागला की पुढचे वाक्य सासूच बोलते. पाचशे माणसांच्या सभेतही हा तळपाय शोधावा लागतो, म्हणजे श्रोत्याने स्वतः हात लावून पाहावी अशी एक जागा.

गोल बसलेली सभा

भाषण एकाकडून अनेकांकडे जाते, हे चित्र ग्रामसभेत बदलते. धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गोंड गाव त्यासाठी देशभर ओळखले जाते. तिथे बहुमताने हात वर करून निर्णय होत नाही. सर्वांचे एकमत होईपर्यंत चर्चा चालते. गावचे नेते देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने गावात अभ्यासगटाची प्रथा रुजली. अभ्यासगटात बाहेरचा जाणकार बोलावता येतो, विषयाची चिरफाड होते, पण निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभा घेते. 2009 साली या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि 27 एप्रिल 2011 रोजी बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश त्यासाठी गावात आले होते.

अशा सभेत बोलणाऱ्याला दोन सवयी सोडाव्या लागतात. एक, लोकांना आपल्या बाजूला ओढण्याची. जिथे एकाचाही आक्षेप निर्णय थांबवू शकतो, तिथे टाळ्या मिळवून काही साधत नाही. न पटलेल्या माणसाची अडचण समजून घ्यावी लागते. दुसरी, शांततेला घाबरण्याची. प्रश्न विचारल्यावर शहरातला वक्ता तीन सेकंद थांबतो आणि स्वतःच उत्तर देऊन मोकळा होतो. गोटुलात, म्हणजे गावाच्या सभाघरात, बसलेली माणसे विचार करूनच बोलतात, आणि त्याला मिनिट लागू शकते. तेवढे थांबता आले तर पहिले उत्तर येते, आणि पहिल्यामागून बाकीची. बायका मागे बसल्या असतील तर प्रश्न थेट त्यांच्याकडे टाकण्यापेक्षा पाच मिनिटे आपसात बोलायला सांगून मग एकीला 'तुमच्याकडे काय बोलणं झालं?' असे विचारावे. स्वतःचे मत सांगण्याचा संकोच असतो. सगळ्यांचे सांगताना तो जातो.

सर्वांत अवघड सभा रागावलेल्या गावाची. ताडोबा आणि ब्रह्मपुरीच्या परिसरात वाघाने माणूस मारल्यानंतर वनकर्मचाऱ्यांना अशा सभेला सामोरे जावे लागते. तिथे पहिले वाक्य सूचनेचे असू नये, नियमाचेही असू नये आणि मदतीच्या रकमेचे तर मुळीच असू नये. मेलेल्या माणसाचे नाव घेऊन, घरच्यांकडे पाहून, आधी ऐकायचे. लोक आरोप करतील. त्यात जे खरे असेल ते त्याच जागी मान्य करायचे. 'चौकशी सुरू आहे' या शब्दांनी राग वाढतो. 'आज रात्री इथे आमची माणसे थांबतील, उद्या सकाळी कॅमेरे लागतील, परवा मी परत येईन' यांनी तो उतरतो, कारण ही वाक्ये तपासता येतात. आणि परवा परत यावेच लागते.

भीती आणि सराव

उभे राहिल्यावर तोंडाला कोरड पडणे, हात थरथरणे, पहिले वाक्य विसरणे हे नवख्याला होते तसे मुरलेल्यालाही होते. शरीर धोक्यासाठी तयार होते आणि तीच ऊब बोलायलाही लागते. हार्वर्डमधल्या अॅलिसन वुड ब्रूक्स यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एक गोष्ट दिसली: बोलण्यापूर्वी स्वतःला 'शांत हो' म्हणणाऱ्यांपेक्षा 'मला उत्सुकता आहे' म्हणणाऱ्यांची भाषणे सरस ठरली. धडधड दाबण्यापेक्षा तिचे नाव बदलणे सोपे जाते. पहिली दोन वाक्ये आणि शेवटची दोन मात्र तोंडपाठ असावीत. भीती असते ती बहुधा याच दोन टोकांना.

सराव मनातल्या मनात करून उपयोग नाही. तो मोठ्याने, उभे राहून आणि एखाद्या माणसासमोर करावा, शक्यतो त्या विषयातले काही न कळणाऱ्या माणसासमोर. घरातल्या आजीला ऐकवून तिला विचारावे, "आजी, काय समजलं?" ती जिथे अडखळेल ती जागा दुरुस्त करायची. आश्रमशाळेतल्या मुलांना वक्तृत्व शिकवतानाही पाठांतराऐवजी हा मार्ग धरला तर मुले लवकर मोकळी होतात. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाने आपल्या गावचे एक काम, मोह वाळवणे किंवा जाळे विणणे, हातवारे करून दोन मिनिटांत सांगायचे. जे स्वतःच्या हातांना येते ते सांगताना शब्द कमी पडत नाहीत, आणि मातृभाषेतला एखादा शब्द आला तर शिक्षकाने तो फळ्यावर लिहून वर्गाला शिकवावा.

सभा संपल्यावर

मांडणी पोचली का, हे 'समजलं ना?' असे विचारून कळत नाही. त्यावर 'हो'च येते; पाहुण्याला नाही म्हणणे रीतीला धरून नसते. म्हणून चांगली आशा बाळ गुंडाळून दाखवल्यावर ते सोडते आणि सुनेच्या हाती देते: "आता तुम्ही गुंडाळा." डोके उघडे राहिले तर ती रागवत नाही, पुन्हा एकदा दाखवते, आणि पुन्हा सोडते. सभेत हेच एखाद्या श्रोत्याला उठवून करता येते: 'आज जे घरी राहिले, त्यांना तुम्ही काय सांगाल?' दोघा-तिघांनी आपापल्या भाषेत सांगितले की काय पोचले आणि काय वाटेत सांडले हे वक्त्याला समोरच दिसते, आणि सुधारायला वेळही हातात असतो. त्यांनी वापरलेले शब्द तिथल्या तिथे वहीत टिपून घ्यावेत. पुढच्या गावात भाषण त्याच शब्दांनी सुरू करायचे.